इंजिन बंद झाल्यावरचे आवाज : साधे कोणते, घातक कोणते?

पसरणीचा घाट चढून, पाचगणी मागे टाकून मोटार महाबळेश्वरला पोहोचते. आत पाच माणसे, मागे सामान आणि वाईपासून अखंड सुरू असलेले वातानुकूलन यंत्र. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी सावलीत लावली जाते, इंजिन बंद होते आणि तोवर इंजिनाच्या घरघरीत दडलेले आवाज एकेक करून ऐकू येऊ लागतात. बॉनेटखाली 'टिक्-टिक्' होते, पुढच्या जाळीमागे पंखा घोंघावत राहतो, कुठेतरी पाणी खदखदल्यासारखे वाटते. 'गाडी गरम झाली,' असे एकजण म्हणतो. 'काही होत नाही, सगळ्याच गाड्यांचे असे होते,' असे दुसरा म्हणतो. पुष्कळदा दुसऱ्याचे म्हणणे बरोबर असते. मात्र ज्या वेळी ते चुकते, त्या वेळी एका दुर्लक्षित आवाजाची किंमत अख्ख्या इंजिनाच्या दुरुस्तीने चुकवावी लागते.

गाडी उभी केल्यानंतर येणाऱ्या आवाजांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. घातक आवाज मोजकेच. त्यांची पारख आवाजाच्या जातीपेक्षा त्याच्या वेळेवरून आणि सोबतच्या खुणांवरून अधिक नेमकी होते. आवाज केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकला, इंजिन निवताना तो मंदावला की तसाच राहिला, आणि त्यासोबत वास, वाफ, जमिनीवरचा डाग किंवा डॅशबोर्डवरचा दिवा होता काय, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे निदान झालेच म्हणून समजावे.

'टिक्-टिक्' : धातू निवताना

सर्वांत परिचित आणि सर्वांत निर्धोक आवाज हा. इंजिन चालू असताना एक्झॉस्ट पाइप आणि त्यावरील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कित्येकशे अंश सेल्सियसपर्यंत तापतात. तापलेला धातू प्रसरण पावतो, हा शाळेत शिकलेला नियम येथे प्रत्यक्ष कानांवर पडतो. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप तीनशे अंशांनी तापला, तर त्याची लांबी सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढते. इंजिन बंद झाल्यावर तो आकसू लागतो. पाइप, त्याला धरून ठेवणारे क्लॅम्प आणि उष्णतारोधक पातळ पत्रे यांची जाडी वेगवेगळी, त्यामुळे त्यांचा निवण्याचा वेगही वेगवेगळा. त्यांच्यात निर्माण होणारा ताण जोडांपाशी बारीक झटक्यांनी मोकळा होतो. प्रत्येक झटका म्हणजे एक 'टिक्'.

या आवाजाची खूण अशी, की तो सुरुवातीला भराभर येतो, मग विरळ होत जातो आणि साधारण अर्ध्या तासात थांबतो. घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावरील लांब पल्ल्यानंतर तो अधिक ठळक असतो. त्यासाठी कोणताही उपाय करावा लागत नाही. पत्र्याचा बोल्ट सैल झाला असल्यास मात्र गाडी चालतानाही खालून खणखणाट ऐकू येतो; तो बोल्ट आवळून घ्यावा.

याच तापलेल्या भागामुळे एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करू नये. पोटाखालचा कन्व्हर्टर गवताला टेकला, तर ते पेट घेऊ शकते.

इंजिन बंद, पंखा चालू

ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचा रेडिएटरचा पंखा पट्ट्याद्वारे इंजिनालाच जोडलेला असे. इंजिन थांबले की पंखा थांबे. १९८३च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० पासून इंजिन आडवे बसवण्याची आणि पंखा विजेवर चालवण्याची पद्धत भारतीय रस्त्यांवर रूढ झाली. विजेचा पंखा तापमानाच्या हुकमाने चालतो. त्यामुळे अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यानंतरही तो काही मिनिटे फिरत राहतो.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिन बंद होताच त्यावर चालणारा पाण्याचा पंप थांबतो आणि कूलंटचे अभिसरणही थांबते. परंतु सिलिंडरच्या भिंतींत आणि हेडमध्ये साठलेली उष्णता लगेच नाहीशी होत नाही. ती स्थिर झालेल्या कूलंटमध्ये उतरते. म्हणून गाडी बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटे इंजिनाचे तापमान उतरण्याऐवजी थोडे चढते. पंखा फिरतो तो त्यासाठीच.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत याला आणखी एक कारण जोडले गेले. त्यांच्या एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर ठरावीक अंतराने सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवून स्वतःमधील काजळी जाळतो. ही प्रक्रिया सुरू असतानाच गाडी बंद केली, तर पंखा जोराने घोंघावत राहतो आणि करपल्यासारखा वास येतो. एखाद्या वेळी असे झाले तर चिंता नको. वारंवार होत असल्यास गाडी केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांपुरतीच वापरली जात आहे, हे ओळखावे आणि अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावे.

पंखा पाच-दहा मिनिटांत थांबला, तर तो आपले काम करीत आहे. तो अर्धा तास चालूच राहिला, किंवा सकाळी थंड इंजिनावरही फिरू लागला, तर रिले चिकटला आहे किंवा तापमानाचा सेन्सर नादुरुस्त आहे, असे समजावे. सकाळपर्यंत बॅटरी उतरलेली मिळण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. इंजिन बंद असले, तरी हा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकतो. बॉनेट उघडून पाहताना हात, ओढणी किंवा मफलर त्याच्याजवळ नेऊ नये.

फुसफुस आणि खदखद

'फुस्स' असा आवाज आला, की वाहनधारकाच्या मनात पहिली शंका पंक्चरची येते. वातानुकूलन यंत्र चालू असलेल्या गाडीत मात्र तो बहुधा त्या यंत्राचाच असतो. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्यातील वायूचा उच्च आणि नीच दाब समान होऊ लागतो. डॅशबोर्डमागून येणारी ही फुसफुस मिनिट-दोन मिनिटांत विरते. त्याच वेळी गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी हेही त्याच यंत्राने हवेतून काढलेले बाष्प असते.

खदखदण्याचा आवाज मात्र गांभीर्याने घ्यावा. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. इंजिनातील पाणी याहून अधिक तापूनही उकळत नाही, कारण रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून धरते. वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी दाब मिळाला, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांवर जातो. झाकणाचे रबर झिजले, पाइपला चीर गेली किंवा कूलंट कमी झाले, की हे संरक्षण जाते. मग घाट चढताना कसेबसे तग धरलेले पाणी गाडी थांबल्यावर, वर सांगितलेल्या चढत्या तापमानात, उकळू लागते. ती खदखद प्लास्टिकच्या टाकीत स्पष्ट ऐकू येते.

अशा वेळी झाकण उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. झाकण सैल होताच दाब उतरतो, आतील सगळे पाणी एकाच वेळी उकळते आणि वाफेसह तोंडावर व हातांवर उसळते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा रबरी पाइप हाताला सोसण्याइतका निवल्याची खात्री करावी आणि मगच झाकणावर जाड फडके ठेवून ते सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणे हेही तितकेच वाईट. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

पाणी भरल्यानंतर गाडी व्यवस्थित चालली, म्हणून प्रकरण मिटले असे मानू नये. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अतितापाने ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकले, तरी हेड गॅस्केट उडते आणि सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरू लागतो. टाकीत सतत येणारे बुडबुडे, बाहेर गळती न दिसता कमी होत जाणारे पाणी, गरम इंजिनावरही न थांबणारा पांढरा धूर आणि डिपस्टिकवर दुधाळ झालेले ऑइल या त्याच्या खुणा आहेत. यांतील एकही दिसली, तरी गाडी पुढे दामटू नये. टोइंग व्हॅनचे भाडे नव्या इंजिनापेक्षा केव्हाही स्वस्तच पडते.

घाट संपल्यावर वातानुकूलन बंद करून गाडी एक-दोन मिनिटे जागेवर चालू ठेवावी आणि मग बंद करावी, ही जुन्या चालकांची सवय शास्त्राला धरूनच आहे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोचार्जरलाही तेवढी उसंत मिळते. तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर मात्र वाट न पाहता गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

किल्ली काढली, तरी इंजिन चालूच!

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. किल्ली काढल्यावरही इंजिन काही क्षण अडखळत, धडधडत चालत राहते. स्पार्क प्लगची ठिणगी बंद झालेली असते. पण सिलिंडरमध्ये साचलेली काजळी निखाऱ्यासारखी तापलेली असते आणि कार्ब्युरेटरमधून ओढले जाणारे पेट्रोल तिच्यावर पेटते. साचलेली काजळी, वाढवून ठेवलेली आयडलिंगची गती, चुकलेले टायमिंग किंवा अतितापलेले इंजिन ही याची कारणे. ब्रेक दाबून, गाडी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की इंजिन थांबते. कायमचा उपाय मात्र ट्यूनिंगचाच. इंधन इंजेक्शनने पुरवणाऱ्या गाड्यांत किल्लीबरोबर इंधनही तोडले जाते. तेथे असे घडल्यास इंजेक्टर गळत असल्याची शंका घ्यावी.

डिझेल इंजिन किल्ली काढूनही थांबत नसेल आणि उलट त्याची गती वाढत जात असेल, तर तो वेगळा आणि धोकादायक प्रकार आहे. टर्बोचे सील फुटून इंजिन स्वतःचेच ऑइल जाळू लागलेले असते. गिअरमधल्या गाडीत ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडणे हा एक उपाय आहे; ते तत्काळ जमले नाही, तर सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे.

इंजिन बंद होतानाचा एकच 'धप्प' धक्का हा बहुधा झिजलेल्या इंजिन माउंटिंगचा असतो. बंद झाल्यावर काही सेकंदांनी येणारी बारीक 'टक्' ही रिलेची किंवा सीएनजी गाडीत वायू अडवणाऱ्या झडपेची असते. यांतील कशानेही घाबरण्याचे कारण नाही. अमेरिकेतील काही गाड्यांत तर उभी केल्यावर सुमारे पाच तासांनी मागील बाजूने मिनिटभर घरघर येते. इंधनाची वाफ टाकीतून गळते काय, याची गाडीने स्वतःच घेतलेली ती चाचणी असते. मध्यरात्री गॅरेजमधून येणाऱ्या या आवाजाने तेथे नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी दचकण्याचे कारण नाही.

रात्रभर उभी राहिल्यानंतर

आवाजांचा दुसरा गट सकाळी, सेल्फ मारताच उघड होतो. रात्रभरात ऑइल खालच्या चेंबरमध्ये उतरलेले असते. ते वरपर्यंत पोहोचेस्तोवर टॅपेट किंवा टायमिंग चेन दोन-तीन सेकंद खडखडते. एवढे क्षम्य आहे. खडखड दिवसेंदिवस लांबत चालली असेल, तर ऑइलची पातळी, त्याचा दर्जा आणि फिल्टर आधी तपासावा. फिल्टरमध्ये ऑइल परत उतरू न देणारी एक झडप असते. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये ती लवकर निकामी होते. पहिल्या मिनिटात इंजिनाची गती नेहमीपेक्षा जास्त असणे, हेही स्वाभाविक आहे.

इंजिन थंड असताना येणारी आणि तापल्यावर नाहीशी होणारी 'टक्-टक्' दोन कारणांनी असू शकते. पिस्टन व सिलिंडर यांमधील फट वाढलेली असते, किंवा एक्झॉस्टच्या जोडातून वायू निसटत असतो. दुसऱ्या कारणाची खूण म्हणजे जोडापाशी उमटलेला काळा डाग. ही गळती किरकोळ समजू नये. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेततो.

पावसाळ्यातील सकाळची 'चीं' अशी किंकाळी सैल किंवा झिजलेल्या बेल्टची असते. पट्टा वाळला की ती थांबते. न थांबल्यास पट्टा बदलावा. पट्ट्याच्या बाजूने सतत घरघर येत असेल, तर बेअरिंग गेले असावे. ते पाण्याच्या पंपाचे असेल, तर शेजारी कूलंटचा ओघळही दिसतो. अनेक इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. पंप जाम झाला तर बेल्ट तुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होते. नुसती वेगवान 'कट्-कट्' होऊन इंजिन फिरतच नसेल, तर बॅटरी उतरलेली असते.

या सर्वांत एक आवाज असा आहे, की त्याला क्षणाचीही सवलत नाही. खालच्या बाजूने येणारी जड, खोल 'ठक्-ठक्' आणि सोबत ऑइलचा लाल दिवा. बेअरिंगला ऑइल मिळत नसल्याचा हा इशारा असतो. 'गॅरेज जवळच आहे' म्हणून नेलेली गाडी पुष्कळदा इंजिन सीझ होऊनच तेथे पोहोचते.

पाणी, उंदीर आणि मांजर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या उभ्या जागी पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर 'बघू, सुरू होते का' म्हणून किल्ली फिरवणे, ही अशा वेळची सर्वांत महाग चूक होय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, की 'ठप्' असा एकच आवाज होतो, सेल्फ अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पुरात बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता बॅटरीची जोडणी काढावी आणि ती ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढणे आणि ऑइल व फिल्टर बदलणे, ही कामे इंजिन फिरवण्यापूर्वीची आहेत.

पावसाळ्यात आणि थंडीत ऊब शोधत उंदीर बॉनेटखाली मुक्काम करतात. उभ्या गाडीतून येणारी खुडबुड, लेंड्या, कुरतडलेला कापूस यांवरून त्यांचा पत्ता लागतो. त्यांनी वायरी किंवा इंधनाची नळी कुरतडली असल्यास आग लागण्याचा धोका असतो. मांजराची पिल्लेही अशीच आत शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवय एखादा मुका जीव वाचवते.

मेकॅनिकला काय सांगावे?

'गाडी आवाज करते' एवढ्या वर्णनावर निदान होत नाही. शिवाय गॅरेजमध्ये नेताच आवाज गायब होतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून आवाज येत असतानाच तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. इंजिन थंड होते की गरम, किती अंतर व कसा रस्ता पार केला होता, वातानुकूलन चालू होते काय, बंद केल्यावर किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी आवाज आला आणि किती वेळ टिकला, याची नोंद करावी. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावरचा डाग बोलका असतो. रंगहीन पाणी वातानुकूलन यंत्राचे, हिरवे किंवा गुलाबी द्रव कूलंटचे, काळपट-तपकिरी इंजिन ऑइलचे.

जाणता मेकॅनिक स्टेथोस्कोपसारखी नळी, किंवा तिच्या अभावी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून आवाजाची जागा शोधतो. फिरत्या पट्ट्यांजवळचे हे काम घरी करून पाहू नये. संगणकीय स्कॅनरने दोषांक वाचता येतात; परंतु झिजलेले बेअरिंग किंवा सैल पत्रा यांचा दोषांक नसतो. तेथे कान आणि मालकाने केलेली नोंद हीच साधने उरतात.

हे आवाज आल्यास गाडी पुन्हा सुरू करू नका

• खदखद आणि वाफ, किंवा काटा तांबड्या पट्ट्यात : इंजिन निवेपर्यंत थांबा, झाकण उघडू नका.

• तापलेल्या भागावर 'चर्र' असा आवाज आणि पेट्रोलचा वास : सर्वांना गाडीपासून दूर न्या, विडी-सिगारेट, काडी पेटवू नका.

• फुसफुस आणि सीएनजीचा उग्र वास : सहज शक्य असल्यास सिलिंडरची झडप हाताने बंद करा, दूर जा, गाडीतील कोणतेही बटण दाबू नका.

• खोल 'ठक्-ठक्' आणि ऑइलचा लाल दिवा : गाडी ओढून न्या.

• पाण्यात उभी राहिलेल्या गाडीत 'ठप्' होऊन सेल्फ अडकणे : किल्ली पुन्हा फिरवू नका.

ज्या आवाजासोबत वास नाही, वाफ नाही, डाग नाही, दिवा नाही आणि जो इंजिन निवता निवता विरत जातो, तो बहुधा दिवसभराच्या श्रमानंतर धातूने टाकलेला निःश्वास असतो. महाबळेश्वरच्या त्या गाडीतील 'टिक्-टिक्' आणि पंख्याची घोंघाव यांबद्दल चहा घेईपर्यंत विसरून गेले तरी चालेल. खदखदीकडे मात्र चहापूर्वीच एक नजर टाकलेली बरी. दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा असतो.